तळेघरचा गोळा

पिंपळवंडी,
रविवार, सकाळ

प्रिय कल्याणी,

मोठ्या माणसाने पत्र 'चि.'पासून सुरू करावं अशी रीत आहे. मी तसंच सुरू केलं, पण 'चि.'च्या पुढे पेन सवयीने 'सौ.'कडे वळलं आणि तिथेच अडलं. तो कागद फाडला. दुसऱ्यावर नुसतं 'चि.' लिहिलं, तर ते शाळेच्या दाखल्यासारखं कोरडं दिसायला लागलं. शेवटी हे 'प्रिय' लिहिलं. तुझ्या सासूने खांद्यावरून डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "ह्या वयात प्रिय कुणाला लिवताय?" तुझं नाव दाखवलं तेव्हा डाळ निवडायला जाऊन बसली. ती तिकडे आणि मी इकडे, असे आम्ही दोघं मिळून हे पत्र लिहितो आहोत असं समज.

फोन का नाही केला असं तू विचारशील. फोनवर तू "बरं नाना" म्हणतेस आणि आईच्या, म्हणजे तुझ्या सासूच्याच, गुडघ्याची चौकशी करून विषय बदलतेस. कागदावर विषय माझ्या हातात राहतो. तेव्हा आधीच सांगून टाकतो. राजरत्नने तुला लग्नाचं विचारलं आणि तू त्याला नाही म्हणालीस, हे मला कळलेलं आहे. दचकू नकोस, चिडू नकोस, आणि पत्र अर्ध्यात घडी घालून ठेवू नकोस. बोलायचं आहे ते त्याबद्दलच. पण तुला माझा स्वभाव माहीत आहे, मला गाडी एकदम वरच्या गिअरमध्ये टाकता येत नाही.

इकडची खबर म्हणशील तर कांद्याचं रोप बरं उगवलंय. वरच्या वस्तीवर बिबट्याने पुन्हा एक कुत्रं नेलं, त्यामुळे दिवस मावळायच्या आत सगळं गाव दारं लावून घेतं, आणि माझ्यासारख्या रिकाम्या माणसाची संध्याकाळ फार लांबते. आईचे गुडघे आहेत तसेच आहेत. तिला वाटतं मालिशच्या तेलाने बरं वाटतं, मला वाटतं तेल लावायला शेजारची जी मुलगी येते तिच्या गप्पांनी बरं वाटतं. पण मी ते बोलत नाही. बोलून कोणाचं भलं झालंय.

आता थोडं मागे जातो. तुला माहीत असलेलंच परत लिहितोय, पण मला ते एकदा माझ्या बाजूने मांडायचं आहे. आपल्या प्रबुद्धला कॉम्प्युटरवरचा हा अवकाशातल्या जहाजांचा खेळ लागला तेव्हा मला वाटलं, नोकरी लागली की सुटेल. सुटला नाही. लग्न झाल्यावर सुटेल असं वाटलं, तर त्याने तुलाच शेजारी खुर्ची टाकून लॅपटॉपवर खेळायला बसवलं. काळ्या पडद्यावर चांदण्या, चार जहाजं आपली, चार समोरच्यांची, आणि एकमेकांवर तोफा. जन्मभर एसटीचं स्टिअरिंग धरलेल्या माणसाला त्यात बघण्यासारखं काही नव्हतं. ना रस्ता, ना वळण, ना समोरून येणारा उसाचा ट्रॅक्टर. पण गोळ्यांचा हिशोब मला पहिल्या दिवशीच आवडला. जवळचा गोळा जड. लागला तर समोरच्याचं पोट फाडतो, पण लांब जात नाही, वाटेतच विझतो. लांबचा गोळा हलका. कुठूनही पोचतो, पण पोचून फार काही करत नाही, ओरखडा काढतो आणि संपतो. मधला दोन्ही कामं अर्धी अर्धी करतो. शत्रू किती अंतरावर आहे ते बघून गोळा भरायचा. आणि एकदा भरलेला बदलायचा म्हटला, की बदलून होईपर्यंत आपली तोफ मुकी. तेवढ्या वेळात समोरचा आपल्याला भाजून काढतो. म्हणून चौघांनी एकाच वेळी एकच गोळा भरायचा, आणि कोणता ते एकानेच सांगायचं. सांगणारा प्रबुद्ध होता.

आकडे ओरडत बसलं की गोंधळ होतो, म्हणून त्याने गावं ठरवून दिली. आळेफाटा म्हणजे जवळचा गोळा, नारायणगाव म्हणजे मधला, तळेघर म्हणजे लांबचा. सगळं पिंपळवंडीतून मोजायचं. हे त्याला माझ्या ड्यूटीवरून सुचलं होतं. लहानपणी तो माझी वाट बघायचा ती अशीच. आळेफाट्याची फेरी असली की बाप दुपारी जेवायला घरी, नारायणगावची असली की दिवेलागणीला, आणि तळेघरची मुक्कामी गाडी असली की आज येतच नाही. बाहेरून कोणी ऐकलं असतं तर आमच्या माजघरात एसटीचा कंट्रोलर बसलाय असं वाटलं असतं. मला मनातून बरं वाटायचं. मुलगा माझ्या नोकरीबद्दल कधी चांगलं-वाईट बोलला नाही, पण तिची गावं त्याने आकाशात नेऊन ठेवली होती.

राजरत्न त्या टोळक्यात सगळ्यात शेवटी आला. तुम्ही दोघं नवरा-बायको, नारायणगावच्या टोमॅटो मार्केटातला गोकुळ, आणि चौथा हा; ते दोघं आपापल्या घरून इंटरनेटवर, त्यांचा आवाज आपल्याकडे स्पीकरवर. प्रबुद्धचा आयटीआयमधला मित्र, तळेघरच्या बाजूच्या वाडीचा, आणि तिकडेच वीज मंडळात वायरमन. पहिल्याच लढाईत प्रबुद्ध "तळेघर, तळेघर" ओरडला आणि ह्या बहाद्दराने जवळचा गोळा भरला. शत्रू पार टोकाला, ह्याचे जड गोळे अर्ध्या वाटेत विझतायत, आणि हा आपला मन लावून उडवतोय. जहाज फुटल्यावर प्रबुद्धने झापलं, तर हा म्हणतो, "तळेघर म्हंजी माझं घर की राव. घर काय लांब असतंय का?" तू आणि गोकुळ किती हसला होतात. प्रबुद्धने त्याला बजावलं की हे जहाज पिंपळवंडी डेपोचं आहे, इथूनच मोजायचं, नाहीतर उतरायचं. बिचारा तेव्हापासून दर वेळी मनातल्या मनात आपलं घर लांब ढकलून गोळा भरायचा. त्यामुळे त्याचा गोळा कायम क्षणभर उशिरा सुटायचा. गोकुळ त्याला 'लेट गाडी' म्हणायचा ते त्यावरूनच.

मग प्रबुद्ध गेला. साध्या तापाचं निमित्त झालं. त्याबद्दल इथे लिहीत नाही, तुला आणि मला ते पाठ आहे.

त्याच्या कॉम्प्युटरवर तुझ्या सासूने टॉवेल टाकून ठेवला होता. तो किती दिवस तसाच होता ते मी मोजलं नाही. एका रविवारी तूच तो काढलास, धुवायला टाकलास आणि खुर्चीत बसलीस. मी पडवीत होतो. आतून तुझा आवाज आला, "नारायणगाव." नंतर, "आळेफाटा, आळेफाटा, भरा पटकन." तुझी सासू चुलीपुढून उठून दारात आली आणि तिथेच उभी राहिली. प्रबुद्धचंच बोलणं, फक्त गळा तुझा. त्या दिवसापासून टीमला गोळा सांगायचं काम तुझं झालं. पुढे तुला घोडेगावच्या पंचायत समितीत नोकरी लागली, पिंपळवंडीहून रोज जाणं-येणं जमेना, तू तुझ्या आईला घेऊन तिकडे खोली केलीस. जाताना तुझा लॅपटॉप नेलास, प्रबुद्धचा कॉम्प्युटर मात्र नेला नाहीस. चौथा माणूस नाही म्हणून टीम मोडायला नको, असं म्हणून मला प्रबुद्धच्या जहाजावर बसवलंस. मी म्हटलं, माझं लायसन फक्त चाकांच्या गाडीचं आहे. तू हसलीस आणि माझं बोट धरून माऊसवर ठेवलंस.

मी वाईट खेळतो हे मला माहीत आहे. तुझी माझ्याबद्दलची तक्रार एकच, की तू काहीही सांगितलंस तरी मी शक्यतो मधलाच गोळा भरतो. अगदी खरं आहे. नारायणगाव डेपोत इतकी वर्षं काढल्यावर माणूस दुसरं काय करणार. मधला गोळा कधी पुरता वाया जात नाही आणि कोणाला पुरता लागतही नाही. माझं सगळं आयुष्य तसंच गेलं. घरात भांडण झालं की मी म्हणायचो "बघू", भावकीत झालं की "बघू", प्रबुद्धने तुझं नाव पहिल्यांदा घरात काढलं तेव्हाही मी "बघू"च म्हणालो होतो. तेव्हाही तुझी सासूच पुढे झाली होती आणि तुमच्या घरी गेली होती. जवळचा गोळा भरणारी आमच्या घरात ती एकटीच.

आणखी एक सांगायचं राहिलं. पडद्यावर माझ्या जहाजावर नाव अजून प्रबुद्धचंच आहे. बदलू का म्हणून तू विचारलं होतंस, मी राहू दे म्हटलं. झालं काय, की राजरत्नला घाईत जुनीच सवय. "प्रबुद्ध, मागं घे," असं ओरडतो, मग चपापतो आणि म्हणतो, "नाना, मागं घ्या." मी त्याला कधी टोकलं नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ ते नाव कोणीतरी मोठ्याने हाक मारावी तसं घेतं. आता गावात ते नाव घ्यायची वेळ आली की माणसं आवाज खाली आणतात. राजरत्न त्या नावाला शिव्यासुद्धा देतो, आणि मला त्याचं फार बरं वाटतं.

आता त्या लढाईचं. धम्मचक्र दिनानंतरचा रविवार. समोर नागपूरची पोरं होती, चांगली तयारीची. मला अंतराचे आकडे नीट वाचता येत नाहीत, चष्मा आहे तरी, म्हणून मी सगळा भार तुझ्या आवाजावर टाकून बसलो होतो. तू ओरडलीस, "तळेघर." आणि नेमकं त्या दिवशी तुझं ऐकायचं असं ठरवून मी मधला सोडून मुकाट्याने लांबचा गोळा भरला. गोकुळनेही लांबचाच भरला. शत्रू मात्र आपल्या नाकावर येऊन उभा होता. माझे आणि गोकुळचे गोळे त्याला खडे मारल्यासारखे लागत होते. एकट्या राजरत्नने जवळचा गोळा भरला होता, आणि तोही क्षणभरसुद्धा उशीर न करता. जे काही नुकसान झालं समोरच्यांचं ते त्याच्याच तोफेने झालं. आपण हरलो. गोकुळ कावला, "वैनी, तळेघर काय म्हनताय, नाकावर बसलंय की ते." तू म्हणालीस, चुकून आलं तोंडात. राजरत्न काहीच बोलला नाही. एरवी हरल्यावर सगळ्यात जास्त बडबड त्याची असते.

चूक कोणाचीही होते. पण चुकीचा गोळा सांगितल्यावर बरोबर गोळा भरणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी हेडफोन काढला आणि पडवीत येऊन बसलो. रूटवर असताना मी एक गोष्ट शिकलो होतो. नवा उतारू चढला की पन्नास वेळा विचारतो, अजून किती लांब. रोज येणारा त्याच रस्त्यावर झोपून जातो आणि बरोब्बर आपल्या थांब्यावर जागा होतो. जिथे माणसाचं जाणं-येणं असतं ते गाव त्याला लांब वाटतच नाही. मग मला एकेक आठवायला लागलं. घरकुलांच्या पाहणीसाठी तुझ्या तळेघरकडच्या फेऱ्या. तिथल्या हिरड्याच्या झाडांबद्दल तू आईला सांगत होतीस ते. भाताच्या खाचरात पाय कसा टाकायचा हे तू तिला बसल्याजागी करून दाखवलं होतंस, आणि पिंपळवंडीत तर भात होत नाही, इथल्या मुलीसुनांना ते कुठून येणार. गाडी चुकली की वायरमन सोडतो घोडेगावपर्यंत, हे तू एकदाच बोललीस आणि पुन्हा कधीच बोलली नाहीस. तुम्ही दोघांनी नवीन गावं ठरवली नव्हती, एवढं मला कळतं. ठरवली असती तर चूक झाली नसती. तळेघर तुला आपसूकच जवळचं झालं होतं. मी कोणालाही काही बोललो नाही. मधला गोळा.

त्यानंतर दोन-तीन रविवार तू खेळायला आलीच नाहीस. कधी ऑफिसचं काम, कधी नेटवर्क. मग गेल्या आठवड्यात राजरत्न स्वतः मोटरसायकलवर पिंपळवंडीला आला. चहा घेतला, आईच्या पाया पडला, कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन उगाच एक वायर हलवून पाहिली. मग पडवीत माझ्या शेजारी बसून म्हणाला, "नाना, मी टीम सोडतो. आता एका टीममदी ऱ्हानं बरं न्हाई." मी विचारलं का, तर बराच वेळ चपलेने माती उकरत बसला. मग सांगितलं. "मी इचारलं तिला. न्हाई म्हनली. मला नगं म्हनली असती तर मी मान खाली घालून गेलो असतो. पर ती म्हनती, नाना आनि आईचं कोन." एवढं बोलून उठला. माझ्याकडे थोडा वेळ बघत उभा राहिला, मी काहीतरी बोलेन म्हणून. मी म्हणालो, "बघू." तो गेला.

आता जे लिहितो ते वाचून तुला वाईट वाटलं तरी चालेल. तो गेल्यावर मला आनंद झाला. अगदी साधा, पोटातला आनंद. तू कुठे जात नाहीस. सणाला येणार, रविवारी कानात तुझा आवाज येणार, 'नाना' म्हणणारं कोणीतरी ह्या घराचं राहणार. त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. तुझ्या सासूच्या ते लक्षात आलं. तिला मी राजरत्न कशाला आला होता ते सांगितलं, आणि सांगताना माझा चेहरा कसा होता कोण जाणे. ती भाकरी थापायची थांबली आणि म्हणाली, "तुमी खूश झालात व्हय?" मी पाण्याचा तांब्या पुढे ओढला. तेव्हा म्हणाली, "पोरगं आपलं गेलं. त्याच्या बदल्यात ही पोरगी ठिवून घ्यायची का आपन? आपली राखन करायला हाय का ती?" मग परत भाकरी थापायला लागली. भाकरी करपली, पण ती मी मुकाट खाल्ली. कल्याणी, तिचंही काळीज तुटतच असणार. तुझ्या खोलीतलं अंथरूण ती अजून दर आठवड्याला उन्हात घालते. तरी तिला जे एका वाक्यात कळलं त्याला मला पुढची सगळी रात्र लागली.

मंगळवारी सकाळी कपडे करून निघालो. नारायणगावहून घोडेगाव, आणि घोडेगावहून तळेघरची गाडी. घोडेगावच्या स्टँडवर गाडी लागायला वेळ होता, आणि तुझं ऑफिस काही तिथून लांब नाही. तू चहाला बाहेर येशील आणि मी तुला दिसेन म्हणून मी तोंडापुढे वर्तमानपत्र धरून बसलो. छोट्या जाहिरातीसुद्धा वाचून काढल्या. जन्मभर पुढे बसलेल्या माणसाला मागे बसून घाट चढताना फार जाच होतो. प्रत्येक वळणाला माझा पाय ब्रेक शोधत होता. ड्रायव्हर नवीन पोरगा, चांगला चालवत होता, पण ते त्याला सांगितलं नाही. तळेघरला उतरून वाडीपर्यंत चालत गेलो. भात निघून गेलं होतं, खाचरं मोकळी पडली होती. राजरत्न ड्यूटीवर होता. त्याची आई अंगणात नाचणी बडवत होती. मला बघून काठी खाली ठेवली आणि म्हणाली, "जय भीम. कुनीकडलं पावणं?" मी म्हटलं, पिंपळवंडीचा. तुमच्या मुलासाठी स्थळ घेऊन आलोय.

तिने हात पुसले, घोंगडी टाकली, पाण्याचा तांब्या आणून ठेवला. मग कोणतीही मुलाची आई विचारते तेच विचारलं. "मुलगी कुनाची?" गाडीत मी ह्या प्रश्नाची तयारी करत आलो होतो. माझ्या मुलाची बायको म्हणावं, की सून म्हणावं, की घोडेगावच्या पंचायत समितीतल्या मॅडम म्हणून सुरुवात करावी. पण तिने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "माझी." ती माझ्याकडे नीट बघायला लागली. तिला ओळख पटायला वेळ लागला नाही. "म्हंजी तुमी प्रबुद्धचं वडील," म्हणाली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, "आमचं पोरगं लई दिसं झालं धड जेवत न्हाई. पर ती तर न्हाई म्हनली ना?" मी म्हटलं, ती आमच्यासाठी नाही म्हणाली. स्वतःसाठी काय म्हणते ते तिला अजून कोणी विचारलेलं नाही. त्यावर ती बाई म्हणाली, "मंग इचारा की. आमचं काय आडून बसल्यालं न्हाई." तिने जेवल्याशिवाय सोडलं नाही. नाचणीची भाकरी आणि काळ्या वाटाण्याची आमटी होती. तुझ्या सासूसाठी फडक्यात हिरडे बांधून दिले.

म्हणून हे पत्र. मी तिथे कसलाही शब्द दिलेला नाही, तारीख धरलेली नाही, राजरत्नलाही काही सांगू नका म्हणून त्याच्या आईला विनवून आलोय. तुझे वडील असते तर ते गेले असते. ते तू लहान असतानाच गेले, आणि प्रबुद्ध गेल्यावर तुझ्यासाठी उठून कुठे जायचं हे माझ्याकडे आलं होतं. ते मला इतक्या उशिरा कळलं. आता तू ठरव. तुला तो नको असेल तर नको म्हण, खुशाल म्हण, त्याला दहा कारणं असतील आणि त्यातलं एकही आम्ही विचारणार नाही. पण नाना आणि आईचं कोण, हे कारण आम्ही दोघांनी तुझ्याकडून काढून घेतलं आहे. ते तुला आता वापरता यायचं नाही. हो म्हणालीस तर लग्न ह्या दारातून होईल, मुलीकडची माणसं म्हणून आम्ही दोघं पुढे उभे राहू. पाठवणी झाल्यावर घरी येऊन रडायचं ते आम्ही आमचं रडू, त्याची तू काळजी करू नकोस. एवढंच विचारायचं होतं, आणि ते विचारायचा हक्क मिळावा म्हणून मी त्या बाईच्या अंगणात तुझा बाप होऊन बसलो होतो.

तुझ्या आईला जय भीम सांग.

कुठल्याही नात्याने तुझाच,
नाना